माल जुनाच, लेबल नवं: बुश सरकारचं २००५ चं नामांतर (५ पैकी दीड स्टार)
प्रॉडक्ट म्हणजे अमेरिकेचं 'वॉर ऑन टेरर', म्हणजे दहशतवादाविरुद्धचं युद्ध, नव्या पॅकिंगमध्ये. जुलै २००५ ला बाजारात आलं, नवीन नाव 'ग्लोबल स्ट्रगल अगेन्स्ट व्हायलंट एक्स्ट्रिमिझम', म्हणजे हिंसक अतिरेकाविरुद्धचा जागतिक लढा. एका दमात म्हणून दाखवा बरं!

टायमिंग तर बघा, इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा १,८०० च्या आसपास पोचलेला, पब्लिक वैतागलेली, आणि नेमकं तेव्हाच संरक्षणमंत्री रम्सफेल्ड साहेब आणि मंडळींना 'वॉर' खटकायला लागलं.

अर्धा स्टार तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल रिचर्ड मायर्सना. ते म्हणाले की वॉर म्हटलं की लोकांना वाटतं सगळं युनिफॉर्मवालेच निस्तरणार, पण डिप्लोमसी, पैसा, राजकारण हे पण तेवढंच लागतं. पटतं की. पण मग आत काहीतरी बदला ना राव, सप्टेंबर २००१ ला काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) बळ वापरायची जी परवानगी दिली होती ती जशीच्या तशी, इराकमधलं सैन्य तिथेच, आणि बदललं काय तर पाटी.

सर्व्हिस तर विचारूच नका, खुद्द मालकानेच माल परत केला. ३ ऑगस्टला टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनला बुश भाषणाला उभे राहिले आणि परत परत 'वॉर ऑन टेरर'च म्हणत राहिले. त्याच दिवशी इराकमध्ये हदीथाजवळ रस्त्यातल्या एका बॉम्बने १४ मरीन गेले होते, अशा दिवशी 'स्ट्रगल' म्हणणार तरी कुठल्या तोंडाने. सैनिकांना 'ग्लोबल वॉर ऑन टेररिझम'च्या नावाचं मेडल २००३ पासून मिळत होतं, ते बदलायच्या आत नवीन नावच गायब झालं.

याच कंपनीचं आधीचं एक नामांतर मात्र जमलं होतं, ते मान्य करायला पाहिजे. सप्टेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेला आधी 'इन्फिनिट जस्टिस' नाव दिलं होतं, मुस्लिम लोक म्हणाले अनंत न्याय फक्त अल्लाच करतो, मग काही दिवसांतच ते 'एंड्युरिंग फ्रीडम' केलं. तिथे तक्रार खरोखर नावाचीच होती त्यामुळे नाव बदलून भागलं, २००५ ची तक्रार युद्धाचीच होती.

२००९ ला ओबामांच्या काळात आलेलं व्हर्जन 'ओव्हरसीज कंटिंजन्सी ऑपरेशन्स' (परदेशातल्या आकस्मिक मोहिमा), ऐकून इन्शुरन्स पॉलिसीच वाटते. भाषणात कुणाच्या तोंडी बसलं नाही, बजेटमध्ये मात्र आर्थिक वर्ष २०२१ पर्यंत युद्धाचा पैसा याच नावाखाली जात राहिला.