गरम हवेत फ्रीजिया: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले, कंद परत कागदी पिशवीत जाऊन बसलेत, म्हणून आता लिहिते. फ्रीजिया हे कंदापासून येणारं सुवासिक फुलझाड, ते गरम हवेत फुलत नाही असं खूप वाचलं होतं. फुलतं. पण आपण ज्या उन्हाळ्याला घाबरतो तो नडतच नाही, नडते ती लावणीनंतर मुळाशी राहिलेली गरमी. एवढं कळायला माझे 30 पैकी 20 कंद गेले.

पहिले 10 हातात आले त्याच दिवशी लावले, तेव्हा दुपारी कुंडीची माती हाताला गरम लागायची. पाती काय जोरात आली! बघून इतका आनंद झालेला, पण महिन्याभरात सगळी लोळली आणि कळी एकही नाही. फ्रीजिया मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमधलं, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे कंद उन्हाळाभर झोपतो आणि गारव्यात वाढतो. कळी धरायला मातीत साधारण 12 ते 15 अंश लागतात, ते तिला कुठून मिळणार?

दुसरे 10 मी फ्रीजमध्ये ठेवले, ट्युलिपला थंडी देतात तसं. ही सगळ्यात मोठी चूक. अडीच महिन्यांनी लावले, कोंबच येईना, शेवटी उकरून बघितलं तर जुना कंद सुरकुतलेला आणि त्याच्या डोक्यावर नवा छोटा कंद बसलेला, पान नाही काही नाही. फ्रीजियाची झोप मोडते ती उष्णतेने, 28-30 अंशांत अडीच-तीन महिने कोरडं राहिल्यावर, आणि तसं न करता गार ठेवला तर तो असा आतल्या आत नवा कंद करून मोकळा होतो. म्हणजे आपला उन्हाळा याच्या कामाचाच आहे!

उरलेले 10 कपाटाच्या वरच्या फळीवर उकाड्यात पडून होते, ते रात्री नीट गार व्हायला लागल्यावरच लावले. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवली, मधल्या जागेत वाळू भरली आणि ती रोज ओली ठेवली, ऊन फक्त सकाळचं. साडेतीन महिन्यांनी 7 दांडे आले.

आणि तो दांडा बघण्यासारखा असतो हो, सरळ वर येतो आणि शेवटी काटकोनात वाकतो, त्या आडव्या भागावर कळ्या एका ओळीत आकाशाकडे तोंड करून उभ्या, वाकणाजवळची आधी उमलते, मग पुढची, मग त्यापुढची. मधे एक आठवडा अचानक तापला तेव्हा दोन दांड्यांवर पहिलं फूल बाकीच्यांपासून लांब सुटलं, ग्लॅडिओलससारखं दिसायला लागलं, बाकी पाच सुरेख.

वासासाठीच तर हा सगळा खटाटोप. त्यात मुख्य लिनालूल हे सुगंधी द्रव्य असतं, धण्याच्या तेलात असतं तेच, पण इथे ते गोड आणि स्वच्छ लागतं, दोन फुलांनी खोली भरते. माझ्या पांढऱ्यांना भरपूर वास होता, जांभळ्या डबलला (जास्त पाकळ्यांच्या जातीला) जवळजवळ नाहीच, दिसायला कितीही छान असली तरी मी ती परत घेणार नाही.

सुपर फॉस्फेट खत मात्र घालू नका, त्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं करपतात. आणि फुलं संपली की पाती लगेच कापू नका, पिवळी पडेपर्यंत थांबा, पुढचा कंद तेव्हाच भरतो. मी पाणी हळूहळू तोडलं आणि वाळल्यावर काढले तर 10 चे 13 निघाले, शिवाय हरभऱ्याएवढी पिल्लं वेगळीच. सगळे परत त्याच वरच्या फळीवर ठेवलेत, यावेळी कुंड्या रात्री गार झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही.