पदकं जमवावीत की बिल्ले? विदर्भातल्या नव्या संग्राहकासाठी

आठवडी बाजारातल्या जुन्या सामानाच्या पालावर, सराफाच्या मोडीत किंवा भंगाराच्या ठेल्यावर नाण्यासारखं गोल, पण नाणं नसलेलं काही हाती लागलं, तर ते बहुधा चारांपैकी एक असतं. राज्याभिषेक-ज्युबिलीचं स्मृतिपदक, सैनिकाचं युद्धपदक, जीन-गिरणी-खाण-रेल्वेचा पितळी बिल्ला, नाहीतर रामटंका, म्हणजे रामाचं चित्र असलेली पूजेतली मुद्रा. पैसा आणि सवड दोन्ही मोजकी असतील तर चारही जमवायच्या भानगडीत पडू नका. विदर्भातल्या गावात राहणाऱ्यानं बिल्ल्यांपासून सुरुवात करावी, नाव कोरलेलं युद्धपदक समोर आलं तर विचारपूस केल्याशिवाय सोडू नये, स्मृतिपदकं पारखून मोजकीच घ्यावीत आणि रामटंका घ्यायचाच तर देव्हाऱ्यासाठी घ्यावा.

स्मृतिपदक: ओळखायला सोपं, पण मुकं

यावर प्रसंग आणि तारीख छापलेलीच असते. १८८७ आणि १८९७ व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीची वर्षं. दिल्ली दरबार १ जानेवारी १९०३ आणि १२ डिसेंबर १९११ चे. पंचम जॉर्जचा लंडनचा राज्याभिषेक २२ जून १९११, रौप्यमहोत्सव ६ मे १९३५. एवढ्या तारखा पाठ असल्या की बरीचशी पदकं जागच्या जागी ओळखू येतात.

दोन तारखांवर मात्र नवखे हमखास फसतात. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. राजा आजारी पडला आणि सोहळा ९ ऑगस्टला झाला. पदकं आधीच पाडून ठेवलेली होती, त्यामुळे २६ जूनचं पदक दिसलं म्हणजे ‘चुकीचं, म्हणून दुर्मीळ’ असं काही नसतं. आठव्या एडवर्डचंही तेच. त्यानं डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, तोवर १२ मे १९३७ च्या राज्याभिषेकाची पदकं बाजारात आलेली होती. ‘राज्याभिषेक न झालेल्या राजाचं पदक’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर हात जोडावेत.

या पदकांची खरी अडचण वेगळीच आहे. ती ठोकात पाडलेली आणि जगभर गेलेली. वर्ध्यात मिळालेलं आणि मद्रासेत मिळालेलं पदक सारखंच दिसतं. आपल्या भागाविषयी ते काही सांगत नाही. शिवाय स्वस्तातली बरीच पदकं कथिलमिश्रित मऊ धातूची असतात. ती वाकतात, कडी तुटते आणि मग कोणीतरी डाग देऊन नवी कडी लावतो. कडीच्या बुडाशी राखाडी, ओघळलेला डाग दिसला तर तसलंच काम समजा.

नक्कल ओळखायला कड बघा. ठशाने पाडलेल्या पदकाची अक्षरं काठाशी खडी उभी राहतात आणि मोकळी जागा गुळगुळीत असते. ओतीव नकलेत अक्षरं साबणासारखी झिजरी दिसतात, मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेला सांधा, नाहीतर तो लपवायला मारलेली कानस दिसते.

युद्धपदक: कडेवरचं नाव हीच किंमत

कामठीची छावणी १८२१ पासूनची. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. त्यामुळे विदर्भातल्या घरांमधून पदकं निघणं स्वाभाविकच आहे. जास्त करून दिसतात ती दुसऱ्या महायुद्धाची दोन: दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं १९३९-४५ चं वॉर मेडल आणि हिंदुस्थानचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल. दोन्ही ३६ मिलिमीटरची आणि तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, म्हणजे घरच्या बोलीत गिलटाची. सराफाला त्यात रस नसतो, म्हणूनच ती टिकली. पहिल्या महायुद्धाचं घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही वर्षं असलेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. अडचणीच्या वर्षी मुशीत जाणारी ती पहिली वस्तू. त्याचीच काशाची आवृत्ती मजूर पलटणींतल्या लोकांना दिलेली होती. ती हाती आली तर ‘चांदीची नाही म्हणजे खोटी’ असं समजून परत करू नका.

नाव वाचायला विजेरी कडेला जवळजवळ आडवी धरा आणि पदक हळूहळू फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण अशा क्रमानं इंग्रजी अक्षरं दिसतील. भारतीय सैनिकांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नावं घातलेली असत, ब्रिटिश लष्करातल्यांच्या घातलेली नसत. त्यामुळे कोरी कड दिसली की प्रश्न पडायला हवा. आधीचं नाव घासून नवं घातलंय का, हे व्हर्नियर कॅलिपरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं कळतं. चार ठिकाणी व्यास मोजा. कुठे ३६, कुठे ३५.७ आला तर कानस फिरलेली आहे.

फितीचा फार विचार करू नका, ती बदललेली असतेच. मात्र पदक घरच्या माणसांकडून येत असेल तर एकाच आजोबांची पदकं वेगळी करून घेऊ नका. वेगळी झाली की त्यांचा अर्धा अर्थ जातो.

बिल्ला: इथे गावाचं माणूस पुढे

अमरावती, अकोला, खामगाव, हिंगणघाट हा कापसाचा पट्टा. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी कोळशाचा. हजेरी, पगार, हत्यार किंवा खाणीत उतरायला दिवा घेताना नंबराचा बिल्ला द्यायचा-घ्यायचा, ही या कारखान्यांची रीत. पितळेचा, कधी तांब्याचा किंवा लोखंडाचा, वर एक भोक.

कुठल्या पुस्तकात तो सापडेल याचा भरवसा नाही, पण त्याचा काळ काढता येतो. ‘जी.आय.पी.आर.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर नोव्हेंबर १९५१ पूर्वीचा, कारण तेव्हा त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. नागपूर किंवा अमरावतीच्या नावासोबत ‘एम.पी.’ दिसलं तर चक्रावू नका. १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्याआधी ‘सी.पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) किंवा ‘सी.पी. अँड बेरार’. कँटीनच्या टोकनवर ‘आणा’ असेल तर ते साधारण एप्रिल १९५७ पूर्वीचं, ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. गावांची जुनी इंग्रजी रूपंही ध्यानात ठेवा: अमरावतीचं Amraoti, यवतमाळचं Yeotmal, चंद्रपूरचं Chanda. कंपनीचं कागदोपत्री नाव आणि लोकांच्या तोंडचं नाव यांत फरक असतो, तो वेगळाच घोळ. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, पण कंपनीच्या नावात ‘एम्प्रेस’ नव्हतं. ते होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. आद्याक्षरं लागत नसतील तर असं मूळ नाव शोधा.

आता बिल्ला हातात घेऊन बघा. कंपनीचं नाव ठशाचं, एका रेषेत असतं. नंबर मात्र एकेक आकड्याचा पंच हातोडीनं मारून घातलेला, म्हणून ‘४’ जरा वर, ‘७’ कलंडलेला. उलटा केला की प्रत्येक आकड्यामागे किंचित फुगीर उंचवटा बोटाला लागतो. वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेल्या बिल्ल्याचं भोक वरच्या बाजूनं खाल्लेलं, लांबट होतं आणि त्याच्या काठाला चकाकी येते. भोक अगदी गोल, त्याचा काठ धारदार, आकडे एकसारखे आणि पाठ सपाट असेल तर तो शोभेसाठी नुकताच बनवलेला आहे.

बिल्ल्याची खरी किंमत तो कुठून आला यात असते आणि ते फक्त इथेच विचारता येतं. कोणत्या जिनात, कोणत्या खात्यात, नंबर हजेरीचा की दिव्याचा, हे देणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. शहरातल्या व्यापाऱ्याच्या ढिगात गेलेला बिल्ला हे सगळं गमावून बसतो.

रामटंका

एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला राम-लक्ष्मण, खाली संवत १७४०. ते साल बनवल्याचं समजू नये. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’, ‘वन आना’ आणि वर हनुमान असलेले तांब्याचे तुकडे तर सरळ अलीकडचे आहेत. कंपनीची देशभर एकसारखी नाणी १८३५ पासूनची, आणि एक आण्याचं सरकारी नाणं विसाव्या शतकात, १९०७ च्या सुमारास आलं. हेच तुकडे ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून लाखांना खपवणारे फिरत असतात. त्यांच्याशी बोलणंही नको.

धातू कसा तपासावा

चुंबकानं लोखंड आणि शुद्ध निकेल कळतं, बाकी काही नाही. त्यापुढे ०.०१ ग्रॅमचा छोटा सराफी काटा लागतो. आधी कोरडं वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. कोरडं वजन भागिले आता दिसणारा आकडा, ही घनता. समजा वजन २८.३० आहे. पाण्यात काटा २.७३ दाखवत असेल तर १०.४, म्हणजे चांदी, ३.१८ दाखवत असेल तर ८.९, म्हणजे गिलट किंवा तांब्यावरचा मुलामा. पितळ ८.४ ते ८.७. वस्तू तळाला टेकली किंवा बुडबुडे चिकटले तर घनतेचा आकडा खोटा खाली येतो आणि खरी चांदी नकली ठरते. म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पाच ग्रॅमच्या आतल्या टोकनावर मात्र या पद्धतीनं पितळ की तांबं याचा निवाडा करू नका, काट्याचीच चूक जास्त पडते.

घासू नका

चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर, काहीही नको. आंबटानं पितळेतलं जस्त निघून वरचा थर गुलाबी पडतो, तो पुन्हा भरून येत नाही. साध्या पाण्यानं धुवा, पुसा, उन्हाऐवजी सावलीत पूर्ण वाळवा. पावसाळ्यात पोपटी भुकटी येऊ लागली तर ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. चांदीला रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र लावू नका, काळी पडते. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांनी वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकटा धरतो.

शेत नांगरताना गाडगं किंवा ढिगानं काही निघालं तर ते संग्रहाचं राहत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांवरची वस्तू, म्हणजे १९११ चं पदकसुद्धा, खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ऑनलाइन गिऱ्हाईक बाहेरचं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.