१९६८ ची शेव्ही (शेव्हरोले) सी-१० पिकअप, आता व्ही-८ आणि ऑटोमॅटिक

ह्यूस्टनजवळच्या एका गॅरेजात काम करून घेतलं. जुनं २५० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन आणि स्टिअरिंगवरचा तीन गिअरचा दांडा काढून सिल्व्हराडोचं (शेव्हीचीच नवीन पिकअप) ५.३ लिटर व्ही-८ आणि चार गिअरचं ऑटोमॅटिक टाकलं. काम एक नंबर, वायरिंग इतकं साफ की येईल त्याला बॉनेट उघडून दाखवतो, आणि फ्युएल इंजेक्शनला ५८ पीएसआयच्या आसपास प्रेशर लागतं म्हणून पंप टाकीतच बसवला, पेट्रोलची लाइनपण नवीन टाकली, मी न सांगताच. ओव्हरड्राइव्हमुळे (वरचा गिअर, ज्यात इंजिन कमी फिरतं) हायवेला ७० मैलांवरपण इंजिन बोंबलत नाही. फक्त प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कापायचा खर्च एस्टिमेटमध्ये नव्हता, थेट बिलातच दिसला, तिथे डोकं फिरलं. आणि ब्रेक अजून चारही ड्रमच, एवढी ताकद टाकणार असाल तर पुढच्या डिस्कचं आधी बघा राव.