टॉर्न.ई.बी. ‘बेर्टा’ रिसीव्हर: दुरुस्ती आणि काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पहिलाच जुना जर्मन लष्करी रेडिओ घ्यायचा असेल तर बेर्टा घ्या. काही महिने जवळजवळ रोज वापरल्यावर हे मत पक्कं झालं आहे. टोर्निस्टरएम्फेंगर बी, कागदोपत्री टॉर्न.ई.बी., हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सैन्याचा पाठीवर वाहून न्यायचा रिसीव्हर. साधारण ९७ ते ७०९५ किलोहर्ट्झ, आठ पट्ट्यांत. हा सुपरहेट (आलेली वारंवारता आधी एका ठरावीक वारंवारतेत बदलणारा संच) नाही. दोन आरएफ (रेडिओ सिग्नल वाढवणारे) टप्पे, मग फीडबॅकवर (स्वतःचाच थोडा सिग्नल परत घेऊन) चालणारा ऑडिऑन, म्हणजे सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर, शेवटी एक ऑडिओ टप्पा. चारही जागी एकाच प्रकारचा व्हॉल्व्ह (निर्वात नळी), आरव्ही२पी८००. त्यामुळे एक सुटा व्हॉल्व्ह जवळ ठेवला की भागतं, आणि शंका आली तर व्हॉल्व्हची अदलाबदल करून दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. चारांतला सर्वांत जोमदार व्हॉल्व्ह ऑडिऑनला द्यावा. थकलेला पहिल्या आरएफ टप्प्यात बराच काळ निभावतो.

घेताना आधी कॉइलचा फिरता ड्रम बघा. आठ पट्ट्या गुणिले तीन टप्पे, म्हणजे चोवीस कॉइल त्यावर बसवलेल्या असतात. ड्रम प्रत्येक जागी ठामपणे अडकला पाहिजे. या रिसीव्हरचा खरा जीव तिथे आहे. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, रेझिस्टर सगळं मिळतं, पण तुटलेल्या ड्रमच्या जागी दुसरा कुठे मिळत नाही. कॉइलच्या गाभ्यांवरची लाखेची मोहर शाबूत असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. युद्धानंतर हौशी मंडळींनी असे अनेक संच मेन्सवर चालवायला किंवा दुसरे व्हॉल्व्ह बसवायला कापले आहेत, तसला नग सोडून द्यावा. आतल्या भागांवर गरुड-स्वस्तिकाचे तपासणी शिक्के असू शकतात. जर्मनीत ते उघड मिरवण्यावर कायद्याने बंदी आहे, म्हणून प्रदर्शनात मांडताना त्यावर पट्टी लावावी. कुठे फिकट पिवळा-तपकिरी चमकरंग दिसला तर तो किरणोत्सारी रेडियमचा असू शकतो. खरवडू नका, घासू नका.

आता वीजपुरवठा, कारण बहुतेक व्हॉल्व्ह इथेच मरतात. आरव्ही२पी८००चं फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) १.९ व्होल्टचं, प्रत्येकी ०.१८ अँपिअर, म्हणजे चौघांना मिळून ०.७२ अँपिअर. चांगली सोय म्हणजे २ व्होल्टचा एक सीलबंद लेड-अॅसिड सेल, पण चार्जर लावलेला असताना संच चालवायचा नाही. चार्ज होताना सेल २.४ व्होल्टच्या पुढे जातो. दोन निकेल-मेटल-हायड्राइड सेल वापरायचे तर मालिकेत ०.६८ ओहमचा, एका वॅटचा रेझिस्टर घाला. या जोडणीत चारही व्हॉल्व्ह जागेवर हवेत. एक काढला तर उरलेल्या तिघांवर व्होल्टेज चढतं. एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी) वापरत असाल तर २४० आणि १३० ओहमच्या जोडीने १.९३ व्होल्ट मिळतात. हीटसिंक लागतंच, कारण ६ व्होल्ट आत आले तर जवळपास ३ वॅट उष्णता होते. मात्र तो आयसी आतून शॉर्ट झाला की चारही फिलामेंट एका क्षणात जातात, म्हणून आम्ही सेलच सुचवतो.

अ‍ॅनोडसाठी (व्हॉल्व्हच्या धन टोकासाठी) ९० व्होल्ट हवेत. त्यासाठी ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकमेकींत उलटसुलट दाबून बसवल्या की झालं. प्रवाह इतका कमी असतो की अल्कलाइन संच बरेच दिवस पुरतो. मालिकेत ५० मिलिअँपचा फ्यूज घाला. ९० व्होल्ट बोटाला चांगलेच जाणवतात, तेव्हा उघडी टोकं टेपने झाका. फिलामेंटचं आणि अ‍ॅनोडचं वजा टोक बाहेरच्या बाहेर जोडू नका. अशा बॅटरीवरच्या संचांत ग्रिडचा (व्हॉल्व्हमधल्या नियंत्रक जाळीचा) बायस, म्हणजे तिला लागणारं ऋण व्होल्टेज, बऱ्याचदा याच दोन टोकांमधल्या रेझिस्टरवर तयार होतो. बाहेरून जोडलं की बायस गेला, आवाज फाटला आणि बॅटरी लवकर संपली. स्विच-मोड अडॅप्टर तर नकोच. लाँगवेव्हवर त्याच्या गुरगुरीत बाकी काहीच ऐकू येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना आधी फक्त फिलामेंट द्या आणि व्होल्टेज प्रत्यक्ष सॉकेटवर मोजा. मग ९० व्होल्ट ४.७ किलोओहममधून द्या. आत शॉर्ट असला तरी प्रवाह १९ मिलिअँपवर अडतो.

कपॅसिटरांबद्दल सरसकट सगळे बदलण्याचा सल्ला मिळतो, तो आम्हाला पटत नाही. अ‍ॅनोड लाइनवरचा डिकपलिंग (नको असलेला सिग्नल बाजूला काढणारा) कपॅसिटर १ मेगाओहम इतका गळत असला तरी फक्त ०.०९ मिलिअँप वाया जातात. त्याला हात लावायची गरज नाही. महत्त्वाचा आहे तो ऑडिऑनच्या अ‍ॅनोडपासून पुढच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कपॅसिटर. अ‍ॅनोडवर ५० व्होल्ट, गळती १० मेगाओहम आणि ग्रिड-रेझिस्टर १ मेगाओहम धरला, तर ग्रिडवर जवळजवळ साडेचार व्होल्ट धन चढतात. मग व्हॉल्व्ह विनाकारण प्रवाह ओढतो आणि आवाज घोगरा होतो. तपासायची सोपी रीत: कपॅसिटरचं एक टोक सोडवा, त्याच ९० व्होल्टच्या बॅटरीशी कपॅसिटर आणि साधा डिजिटल मीटर व्होल्टच्या रेंजवर मालिकेत जोडा. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. काटा नाही, पण आकडा हळूहळू उतरेल. तो ८ व्होल्टच्या वर अडकून राहिला तर गळती १०० मेगाओहमपेक्षा वाईट आहे, तो कपॅसिटर बदला. नवा २५० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर जुन्या नळीत घालून टोकं पुन्हा बंद केली की आतलं रूपही बिघडत नाही.

ड्रमचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या जाड कागदाच्या पट्टीने पुसा. सँडपेपर लावला तर चांदीचा थर निघून जातो. तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नका, सिरॅमिकवर त्याचा थर बसतो, धूळ धरतो आणि गळतीची वाट तयार होते. ट्यूनिंग कपॅसिटरच्या दांड्याला टेकणारी स्प्रिंग विसरू नका. डायल फिरवताना खरखर येते ती बहुतेक तिथूनच. कॉइलचे गाभे फिरवून ‘अलाइनमेंट’ (डायलशी जुळवणी) करायचा मोह आवरा. संपर्क साफ झाले की मूळचं कॅलिब्रेशन बहुधा परत जागेवर येतं.

चालवणं म्हणजे फीडबॅकच्या घुंडीवर हात बसणं. सीडब्ल्यूसाठी (मोर्स) आंदोलन सुरू होतं त्याच्या किंचित पुढे, एएमसाठी (साधं रेडिओ प्रक्षेपण) किंचित अलीकडे. खूप पुढे नेलं तर संवेदनशीलता उलट घटते. सिग्नल जोरदार असेल तर डिटेक्टर त्याच्यामागे ओढला जातो, स्वर वाकडा होतो. तेव्हा फीडबॅक वाढवण्याऐवजी अँटेनाकडून येणारा जोर कमी करा. प्रत्येक सीडब्ल्यू सिग्नल शून्य-बीटच्या (जिथे स्वर उतरत नाहीसा होतो त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना ऐकू येतो. ज्या बाजूला शेजारचा गोंगाट कमी ती निवडा, स्वर ९०० हर्ट्झच्या आसपास आणा आणि मग ऑडिओ फिल्टर चालू करा. गर्दीतून एक स्टेशन वेगळं निघतं. चार व्हॉल्व्हच्या संचाकडून एवढी निवड मिळते, याचं आम्हाला अजून कौतुक वाटतं.

फीडबॅक एखाद्या पट्टीच्या खालच्या टोकाला सुरूच होत नसेल तर आधी अ‍ॅनोड बॅटरी मोजा. ती उतरली की हे लक्षण सर्वांत आधी दिसतं. नंतर ऑडिऑनचा व्हॉल्व्ह बदलून बघा, मग त्या कॉइलचे संपर्क.

हेडफोन जुने, ४००० ओहमच्या आसपासचे हवेत. आजचे ३२ ओहमचे लावायचे तर २३०/२४ व्होल्टचा छोटा मेन्स ट्रान्सफॉर्मर उलटा वापरा, दोन्ही कानांचे तुकडे मालिकेत. सॉकेटवर डीसी आहे का ते आधी मोजा. असला तर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मध्ये घाला.

उणिवाही आहेत. एसएसबी (हौशी मंडळींचं एकाच बाजूपट्टीवरचं बोलणं) ऐकता येतं, पण दोन्ही बाजू एकत्र येतात आणि गर्दीच्या संध्याकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा) कान दमतात. शिवाय ७ मेगाहर्ट्झ डायलच्या अगदी टोकाला, चिंचोळ्या जागेत येतो. ८० मीटरचा (साडेतीन मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा) सीडब्ल्यू भाग मात्र सुखाचा आहे. जर्मन हवामान खात्याची पिन्नेबर्गची टेलिटाइप प्रक्षेपणं १४७.३ आणि ४५८३ किलोहर्ट्झवर, फॅक्स ३८५५ वर, आणि ५१८ किलोहर्ट्झचं नॅव्हटेक्स (जहाजांसाठीच्या सूचना), हे सगळं दहा-पंधरा मीटर तार आणि चांगली अर्थ (जमिनीशी) जोडणी एवढ्यावर आम्हाला मिळालं. टेलिटाइप संगणकावर उतरवायचं असेल तर संच वीसेक मिनिटं तापू द्या, कारण सुरुवातीला स्वर हळूहळू सरकतो आणि १४७.३ वरच्या ८५ हर्ट्झच्या शिफ्टला (दोन स्वरांमधलं अंतर) बिघडवायला तेवढं सरकणंही पुरतं.