प्रेमकथेचा वेग कोण ठरवतो : ऐतिहासिक कल्पनारम्य कॉमिक्सच्या काही महिन्यांच्या वाचनानंतर

जुन्या राजवटींच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या कल्पनारम्य प्रेमकथांमध्ये नायक-नायिका एकत्र येणार हे मुखपृष्ठावरूनच कळते, त्यामुळे वाचकाला शेकडो पानांपर्यंत धरून ठेवण्याचे काम कथेच्या वेगालाच करावे लागते. गेल्या पावसाळ्यापासून मी हा प्रकार सातत्याने वाचत आहे. जपानी मांगा इंग्रजी अनुवादाच्या छापील खंडांत वाचते आणि कोरियन वेबटून (पडद्यावर वरून खाली सरकवत वाचायची कॉमिक्स) मोबाइलवर, बहुतेक वेळा नागपूर मेट्रोच्या खापरी ते सीताबर्डी प्रवासात. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे : प्रेम लांबण्याचे कारण त्या राज्याच्या राजकारणातून येत असेल तर कितीही संथ कथा वाचाविशी वाटते, आणि ते केवळ गैरसमजातून येत असेल तर दहाव्या भागातच कंटाळा येतो.

मिझुहो कुसानागी यांची ‘योना ऑफ द डॉन’ ही मालिका २००९ साली ‘हाना तो युमे’ या जपानी मासिकात सुरू झाली. सोळाव्या वाढदिवशी राजकन्या योना आपल्या वडिलांचा खून पाहते, आणि खून करणारा असतो तिचा चुलतभाऊ सू-वॉन, ज्याच्यावर तिचे लहानपणापासून प्रेम आहे. अंगरक्षक हाक तिला घेऊन राजवाड्यातून निसटतो. पाठलागात जखमी झालेला हाक कड्यावर लोंबकळत असताना शत्रू योनाचे लांब केस मुठीत धरून तिला रोखतो, तेव्हा ती तलवार उपसून स्वतःचेच केस कापते आणि सुटते. या प्रसंगात प्रेमाचा एकही शब्द नाही, तरीही दोघांचे नाते तिथेच बदलते, कारण ज्या मुलीचे रक्षण करायचे ती आता त्याच्यासाठी लढायला उभी राहिली आहे. सू-वॉनने दिलेला केसांतला काटा ती पुढेही जपून ठेवते, हाकला ते कळते, आणि लेखिका त्यावर घाईने कसलेही स्पष्टीकरण देत नाही. पुढे कित्येक खंड मनातले ओठांवर येत नाही, परंतु त्या काळात योना धनुष्य चालवायला शिकते आणि दुष्काळ व जाचक करांनी पिचलेली प्रजा तिला दिसते. म्हणूनच तो विलंब पोकळ वाटत नाही.

चिए शिनोहारा यांच्या ‘रेड रिव्हर’चा (१९९५ ते २००२, २८ खंड) वेग याच्या अगदी उलट आहे. आजच्या काळातली जपानी मुलगी युरी ही आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती साम्राज्याच्या हत्तुशा या राजधानीत ओढली जाते, आणि राणीने तिचा बळी देऊ नये म्हणून राजपुत्र काइल तिला आपली उपस्त्री म्हणून जाहीर करतो. खोट्या नात्यातून खरे नाते उमलण्याची ही क्लृप्ती जुनीच आहे, पण इथे तिच्यामागे जिवाची भीती आहे. इजिप्तच्या विधवा राणीने हित्ती राजा सुप्पिलुलियुमाकडे पती म्हणून त्याचा मुलगा मागितला आणि पाठवलेला राजपुत्र झनन्झा मारला गेला, ही हकिकत खुद्द हित्ती लेखांमध्ये आहे. मालिकेने ती कथेत गुंफल्यामुळे राजघराण्यातले लग्न म्हणजे काय जोखीम असते हे वाचकाला सांगावे लागत नाही. मात्र नायिकेचे वारंवार होणारे अपहरण आणि तिच्यावरील लैंगिक जबरदस्तीचे प्रसंग मला खटकले. वेग टिकवण्यासाठी प्रत्येक वेळी स्त्रीच्या देहावर संकट आणणे ही सोपी वाट आहे, आणि शाळकरी वाचकांच्या हाती ही मालिका मी देणार नाही.

वेबटूनचा प्रश्न वेगळा आहे. छापील मांगामध्ये महत्त्वाचे दृश्य पान उलटल्यावर दिसेल असे मांडता येते; मोबाइलवर वरून खाली सरकणाऱ्या कथेत दोन चौकटींमधली रिकामी जागाच काळ मोजते, आणि चांगला चित्रकार हात पुढे येण्यापासून हातात हात पडेपर्यंत अख्खा पडदाभर शांतता ठेवू शकतो. कोरियात काकाओपेज या वाचनाच्या अ‍ॅपने २०१४ मध्ये ‘थांबा आणि मोफत वाचा’ ही पद्धत आणली (थांबायचे नसेल तर पुढच्या भागाचे पैसे भरायचे), आणि भाग सुटा विकला जात असल्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी एक धक्का देणे लेखकांना भाग पडते. करारावरचे लग्न, उत्तरेकडचा थंड स्वभावाचा ड्यूक, आधी वाचलेल्या कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जागी होणारी नायिका : या सगळ्यांची सुरुवात मला मनापासून आवडते, कारण नायिकेला पुढचे ठाऊक असते आणि ती पहिल्याच भागात निर्णय घेते. पुढे कराराची मुदत जवळ येते, मेजवानीत ती त्याच्या शेजारी दुसरी स्त्री पाहते, काहीही न विचारता निघून जाते, आणि एका वाक्यात मिटणारी गोष्ट आठवडेच्या आठवडे ताणली जाते. आधीच्या भागांत दरबारात सर्वांना निरुत्तर करणारी ही स्त्री इथे गप्प का बसते, याचे उत्तर कथेत कुठेच मिळत नाही.

आपल्याकडे या प्रकाराला लागणारा मालमसाला भरपूर आहे. अठराव्या शतकात गोंड राजघराण्यातल्या वारसाच्या वादात राणी रतनकुंवरने रघुजी भोसल्यांची मदत मागितली, आणि त्यातून नागपूरची सत्ताच पालटत गेली. एवढ्या एका घटनेवर मराठी चित्रमालिका सहज उभी राहू शकेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘योना’पासून करावी आणि पहिले तीन खंड सलग वाचावेत. वेबटून मात्र हंगाम पूर्ण झाल्यावरच हाती घ्यावे, कारण आठवड्याला एक भाग वाचताना ताणलेला गैरसमज जास्तच ताणल्यासारखा वाटतो, तर सलग वाचताना तो एका संध्याकाळीत मागे पडतो.