कॅपो लावून विकलेली गिटार

सीझन संपत आला की हणजूण-मोरजीकडून जुन्या सामानाच्या जाहिराती सुरू होतात. 'गोवा सोडतोय, आज रात्रीच निघायचंय, लगेच हवं.' खरंच निघालेलेही त्यात असतात, नाही असं नाही. पण फोंड्याच्या एका कॉलेजकुमाराने साठवलेले १४ हजार मोजून गिटार, माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा डबा) असा जो संच घेतला, त्यातली एकही वस्तू सांगितली तशी निघाली नाही.

गिटार हातात दिली ती दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी दुसरीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावून. वाजवली तर सूर चोख. मेख अशी की तारा आधीच एक पूर्ण टोन उतरवलेल्या होत्या आणि तेवढाच टोन कॅपोने भरून काढला होता. लाइट गेजच्या (बारीक जाडीच्या) सहा तारा पुऱ्या सुरात सुमारे ७० किलोंच्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पोटावर चिकटवलेली पट्टी, ओढतात. टोनभर उतरवल्या की हा ताण पाचव्या हिश्शाने घटतो आणि सुटत आलेला ब्रिज तेवढ्यापुरता गप्प बसतो. म्हणून कॅपो काढायला लावा, ट्यूनर अ‍ॅपवर ई-ए-डी-जी-बी-ई हे नेहमीचे सूर लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर डिंक सुटतोय. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लाकूड फुगून ब्रिजमागे पोट निघतं, तेही तिरक्या उजेडात दिसतं. बाराव्या फ्रेटपासून सगळ्यात जाड तार ३ मिलिमीटरहून वर असेल तर नवशिक्याची बोटं सोलून निघतील.

'सॉलिड टॉप' हे शब्द तर फुकट वापरले जातात. साउंडहोलची (पोटावरच्या गोल भोकाची) कड नखाने चाचपा, टॉर्च मारा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर अखंड लाकूड. आडवे थर दिसले तर प्लाय. प्लाय वाईट नाही, आपल्या हवेत उलट टिकाऊच, फक्त भाव प्लायचा द्यावा.

माइक 'शुअर एसएम५८' म्हणून गळ्यात मारला. या मॉडेलच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. अस्सलाचं वजन २९८ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळतं. बऱ्याच नकला हलक्या भरतात. काटा नसेल तर माइक चालू ठेवून दांड्यावर बोट घासा. अस्सलात आत शॉकमाउंट (धक्के शोषणारी बैठक) असतो, खरखर दबते. नकलेत धडधड ऐकू येते.

सगळ्यात बेरकी चाल इंटरफेसची. तो मोबाइलच्या चार्जरला जोडून, हेडफोन कानाला लावून आवाज ऐकवला. डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज थेट हेडफोनला देण्याची सोय) असेल तर बऱ्याच इंटरफेसमध्ये कॉम्प्युटरशिवायही आवाज येतो! यूएसबीची डेटाची बाजू मेलेली होती, ते घरी कळलं. तेव्हा आपला लॅपटॉप नेऊन दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, दोन्ही इनपुट वापरून, आणि केबल हलवत. कंडेन्सर जातीच्या माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टचा दिवा लागला म्हणजे व्होल्टेज येतंच असं नाही. मल्टिमीटरने एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) पिन १ आणि २, मग १ आणि ३ मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट डीसी हवेत. नाहीतर कंडेन्सर माइक मुकाच राहील. आधीच्या मालकाच्या खात्यावरची नोंदणीही समोरच काढून घ्या.

टोकन म्हणून आधी पैसे पाठवू नका. 'जास्त आले, परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.