मे महिन्यात गावी: घर उघडायचं की काठावर खोली घ्यायची?

कोयना धरणाच्या बॅकवॉटरला ज्यांचं घर आहे आणि पोट मात्र मुंबईत, त्यांना हा प्रश्न दर एप्रिलात पडतो. साताऱ्याकडून बामणोलीवरून जायचं की महाबळेश्वरकडून तापोळ्यावरून, शेवटची लाँच कितीची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात शिरत नाही. मी लागोपाठ दोन मे महिने बायको, दोन पोरं आणि आई अशी सगळी वरात घेऊन गेलो. पहिल्या वर्षी तापोळ्याच्या बाजूला काठावरच्या कॉटेजात उतरलो. दुसऱ्या वर्षी पलीकडे, कांदाटी खोऱ्यातलं आमचं बंद घर उघडलं. त्याआधीची बारा वर्षं नुसतं ‘यंदा जाऊच’ चाललं होतं.

आधी पाण्याचं, कारण त्यात दोन्हीकडे सारखीच फसगत आहे. लहानपणी पाणी पार आमच्या खळ्याखाली यायचं, असं मला छातीठोक आठवत होतं. आई म्हणाली, ते दिवाळीतलं. मेमध्ये तिथं पाणी कधीच नव्हतं, तू तिथं क्रिकेट खेळायचास. खरं आहे. धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं), त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेकडे विजेसाठी. ते घाट उतरून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत गेलं की गेलं. १९९९ आणि २०१२ साली लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशयाच्या तळाला खालून बोगदा फोडला, तेव्हापासून आणखी तळचं पाणीही ओढता येतं. त्यामुळे मेमध्ये ‘लेक व्ह्यू’ म्हणजे भेगाळलेल्या गाळाचा तांबडा उतार आणि पार खाली एक निळी पट्टी. जाहिरातीतला फोटो पावसाळ्यानंतरचा असतो. लाँच टेकते तिथून वर यायला आईला दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागलं. पोरांना पाणीच दाखवायचं असेल तर दिवाळीनंतर जा. माणसं दाखवायची असतील तर मे. तेव्हाच सगळे मुंबईकर गावात असतात.

कॉटेजची बाजू लंगडी नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. कमोड होता. आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर ही एकच गोष्ट बाकी सगळ्यावर भारी पडू शकते. गिझर होता, नाश्त्याला पोहे, जेवायला नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण, तेही बरं. बायकोला चार दिवस चुलीचं तोंड बघावं लागलं नाही. कोणी म्हणालं की सुट्टी म्हणजे हेच, तर मी वाद घालणार नाही.

माझं बिनसलं ते फणसावरून.

दुसऱ्या संध्याकाळी आमचे चुलत चुलते, तात्या, पलीकडून लाँचने आले. खांद्यावर घरच्या झाडाचा फणस. गेटवरच्या पोराने विचारलं, “रूम नंबर?” तात्यांना नंबर काय माहीत! “आमचा पोरगा आलाय मुंबईवरनं,” एवढंच ते सांगत राहिले. फोनला रेंज नाही. अर्धा तास ते बाहेर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून होते, फणस मांडीवर. मी सहज फिरायला बाहेर पडलो म्हणून दिसले. आत नेलं तर मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला, “सर, व्हिजिटरचं जेवण असेल तर एक्स्ट्रा प्लेट लावावी लागेल.” तात्या हसून म्हणाले, “मी जेवूनच आलोय.” संध्याकाळी सहाला कोण जेवून येतं? चहा घेतला आणि शेवटची लाँच गाठायला उठले. फणस खोलीत कापायची सोय नाही, चीक सांडतो म्हणून. शेवटी तो डिकीतून मुंबईला आला, वाटेतच पिकला आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट दोन दिवस घमघमत होती. त्या मॅनेजरची चूक म्हणणार नाही, त्याचा तो धंदा आहे. पण आपल्याच गावच्या काठावर आपण पाहुणे आणि तात्या व्हिजिटर, हे काही मला गिळेना.

घराची दुखणी वेगळी. वानरांनी कौलं सरकवलेली, त्यामुळे माळ्यावर पावसाचे ओघळ. कणगीत उंदरांचा संसार. पहिला दीड दिवस झाडण्यात, सारवण्यात गेला. तोंडाला ओढणी बांधून बायको केर काढत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. लाइट वळवाच्या पहिल्या सरीलाच गेली. धाकटीला कोनाड्यात काजळी धरलेली चिमणी सापडली. “ही चिमणी? हिला पंख कुठायत?” म्हणून तिनं विचारलं, तेव्हा आई पडवीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कॉटेजात ती चार दिवस ‘छान आहे हो’ एवढंच म्हणत होती. इथं दुसऱ्या दिवशीच ती शेजारणीच्या अंगणात करवंदं निवडत बसली आणि जेवायला तीनदा हाक मारावी लागली. दार उघडंच असायचं. कोण कधी आलं, कोण जेवून गेलं, हिशेब नाही.

पैशाचं म्हणाल तर कॉटेजच्या चार रात्रींच्या बिलात आमची सगळी कौलं चाळून झाली आणि थोडे उरले, त्यात मोरीचा पाइप आला. संडास मात्र आधी बांधून घ्यावा लागला, तो खर्च वेगळा. तो नसता तर आईला नेलं नसतं, आणि मग हा सगळा कौल कदाचित उलटा पडला असता. हाताशी दोनच दिवस असतील, तरीही कॉटेजच बरं. दोन दिवसांत घर नुसतं झाडून होतं आणि निघायची वेळ येते.

चार-पाच दिवस असतील, आणि गावात तात्यांसारखं कोणी असेल, तर मी घराकडेच झुकेन. आठ दिवस आधी निरोप धाडा, म्हणजे कोणीतरी दारं उघडून वारा लावून ठेवतं. टॉर्च, मच्छरदाणी, म्हाताऱ्या माणसासाठी प्लास्टिकची खुर्ची. आणि कुलूप नवं न्या. आमची चावी बारा वर्षं देवघरात जपून ठेवलेली होती, कुलूप मात्र तात्यांना दगडानं फोडावं लागलं.